वीरगळ (सोलापूर जिल्हा)

लढताना पडलेल्या माणसाच्या स्मरणार्थ उभा केलेला कोरीव दगड. ‘वीर’ आणि कानडी ‘कल्लु’, म्हणजे दगड, मिळून ‘वीरगल्लु’. त्याचेच मराठीत ‘वीरगळ’ झाले. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूर तालुक्यांत अनेक घरांत कानडी चालते, त्यामुळे तिथे या शब्दाची फोड कुणाला समजावून द्यावी लागत नाही.

या मुलखावर कल्याणीचे चालुक्य, कलचुरी आणि देवगिरीचे यादव यांची सत्ता होती. मंगळवेढा तर कलचुरींची राजधानी. भीमा-सीनेच्या या पट्ट्यातले बरेचसे वीरगळ त्या काळाकडे बोट दाखवतात. दगड बहुतेक काळा बेसाल्ट.

वीरगळ खालून वर वाचायचा. सर्वांत खालच्या चौकटीत लढाई आणि मरण असते: ढाल-तलवार घेतलेला वीर, किंवा आडवा पडलेला त्याचा देह. कडेला गायी कोरलेल्या असतील, तर गावची गुरे वळवून नेणाऱ्यांना अडवताना तो गेला. घोडा असेल तर लढत स्वारांची. समोर वाघ असेल तर झुंज वाघाशी. (बोरिवलीजवळ एक्सर येथील वीरगळांवर गलबतांची लढाई आहे, देशावर अर्थातच ती नाही.) मधल्या चौकटीत अप्सरा वीराला स्वर्गात नेतात. वरच्या चौकटीत तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला दिसतो. माथ्यावर कलश आणि चंद्र-सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर याची कीर्ती राहो. शेजारी कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात कोरलेला दगड असेल, तर तो सतीचा. त्या हातापाशी पाहणाऱ्याचा पाय अडतोच.

कर्नाटकातल्या अनेक वीरगळांवर लेख असतो. महाराष्ट्रातले बहुतेक मुके आहेत. नाव नाही, गाव नाही, तिथी नाही. अप्सरा, शिवलिंग, चंद्र-सूर्य हे तर ठरलेले, दगडागणिक तेच. बदलते ती फक्त खालची चौकट. हातात काय होते, समोर कोण होते, कशापायी जीव गेला, हे तिथेच कळते. त्या माणसाची म्हणून जी काही ओळख उरली आहे, ती त्या वीतभर जागेत.

आणि नेमकी तीच जागा आज सर्वांत आधी नाहीशी होते. वीरगळ वेशीजवळ, मारुतीच्या देवळापुढे, पारावर पिंपळाला टेकून उभे असतात. गावाची जमीन वर चढते, दगड हातभर मातीत जातो. देवळाचा जीर्णोद्धार निघाला की नवा ओटा बांधताना त्याला सिमेंटमध्ये पक्के बसवतात आणि लढणारा वीर ओट्यात गाडला जातो. वर दिसतात त्या फक्त अप्सरा. कुठे शेंदूर आणि तेलाचे थर चढून कोरीवकाम बुजते, कुठे उत्साहाने ऑइलपेंट फासला जातो. यामागे अनादर नसतो. हा आपला कुणीतरी आहे, एवढी आठवण गावाने शेंदूर लावूनच टिकवली, आणि ती मोलाची आहे. फक्त ओटा घालण्याआधी दगड पुरता उपसून, जोत्याच्या वर, मोकळा उभा करायला हवा. माती काढायला साधे पाणी आणि मऊ ब्रश पुरतो. तारेचा ब्रश आणि ॲसिड दगडाला लावू नये.

पंढरपूरच्या विठ्ठलमूर्तीचे मूळ वीरगळात असावे, असेही एक मत मांडले गेले आहे. ते सर्वमान्य नाही.