बुंडेसलीगा, महिला : पहिला हंगाम (१९९०–९१)

जर्मनीतील महिला फुटबॉलच्या सर्वोच्च साखळी स्पर्धेचा आरंभीचा हंगाम. उत्तर आणि दक्षिण अशा दोन गटांत प्रत्येकी दहा, एकूण वीस संघ. विजेता टीएसव्ही झीगेन, उपविजेता एफएसव्ही फ्रँकफुर्ट. सर्वाधिक गोल हायडी मोर (नीडरकिर्खेन), ३६.

या हंगामाला ‘पहिला’ म्हणावे का, याबाबत एकमत नाही. जर्मन फुटबॉल महासंघाने (डीएफबी) ३० जुलै १९५५ रोजी महिला फुटबॉलवर बंदी घातली. संलग्न क्लबांनी महिलांना मैदान द्यायचे नाही आणि पंचांनी त्यांचे सामने चालवायचे नाहीत, असे तिचे स्वरूप होते. हा खेळ स्त्रीच्या शरीरमनाला मानवत नाही, हे त्यामागचे समर्थन. बंदी उठली ती ३१ ऑक्टोबर १९७० रोजी, ट्राव्हेम्युंडे येथील अधिवेशनात, आणि तीही अटी घालून : अर्धा तासाचे दोन डाव, लहान चेंडू, खिळ्यांच्या बुटांना मनाई, हिवाळ्यात दीर्घ विश्रांती. १९७४ पासून प्रादेशिक विजेत्यांमध्ये बाद पद्धतीने राष्ट्रीय अजिंक्यपदाची स्पर्धा होऊ लागली; पहिले अजिंक्यपद टुस व्योर्श्टाटकडे गेले. त्यामुळे विजेत्यांच्या याद्या १९७४ पासून मोजतात, लीगचा इतिहास १९९० पासून, तर काही लेखक खरी लीग १९९७–९८ पासूनच धरतात, कारण दोन्ही गट मोडून बारा संघांचा एकच गट तेव्हा झाला. नियमित वेळापत्रक, गुणतक्ता आणि ‘बुंडेसलीगा’ हे नाव या तिन्ही गोष्टी १९९० मध्ये एकत्र आल्या. म्हणून त्या वर्षापासून मोजणेच सयुक्तिक वाटते. मात्र अजिंक्यपदाचा निर्णय याही हंगामात जुन्याच रीतीने, उपांत्य व अंतिम सामन्यांनी लागला, हे नाकारता येत नाही.

लीग स्थापनेचे श्रेय सर्रास १९८९ च्या युरोपीय अजिंक्यपदाला दिले जाते. यजमान पश्चिम जर्मनीने त्या वर्षी २ जुलैला ओस्नाब्र्युक येथे अंतिम सामन्यात नॉर्वेचा ४–१ असा पराभव केला. इटलीविरुद्धचा उपांत्य सामना झीगेनच्या लाइमबाख मैदानावर झाला. बरोबरीनंतर पेनल्टी आल्या. गोलरक्षक मारिओन इस्बर्टने तीन अडवल्या आणि निर्णायक पेनल्टीही स्वतःच मारली. महिलांचा सामना जर्मन दूरचित्रवाणीवर थेट दिसण्याची ही पहिलीच वेळ. विजेत्या खेळाडूंना महासंघाने बक्षीस म्हणून कॉफीचा चिनी मातीचा, फुलाफुलांचा संच दिला. पुढे याच संचावरून महासंघाची पुष्कळ थट्टा झाली. या विजयाने वातावरण अनुकूल झाले यात शंका नाही. तरी वर्षभरात वीस संघांची लीग शून्यातून उभी राहत नाही. ऐंशीच्या दशकात प्रादेशिक लीग बांधल्या जात होत्या. त्यांना हा पुढचा टप्पा जोडला गेला, असे मानणे अधिक सुरक्षित.

हंगाम सुरू झाला तेव्हा दोन जर्मनी होते, संपला तेव्हा एक. जर्मनीचे एकीकरण ३ ऑक्टोबर १९९० चे, पण लीगमधील वीसही संघ पश्चिमेच्या व्यवस्थेतलेच राहिले. पूर्वेत त्या वर्षी स्वतंत्र लीग खेळवली गेली आणि तेथून यूएसव्ही येना व विस्मुट आऊए हे संघ १९९१–९२ मध्ये बुंडेसलीगात आले. पूर्व जर्मनीत सहा वेळा अव्वल ठरलेल्या टुर्बिने पॉट्सडामला मात्र १९९४ पर्यंत थांबावे लागले. (पुरुषांच्या लीगमध्येही पूर्वेचे संघ १९९१–९२ मध्येच आले.)

संघांची यादी आजच्या वाचकाला अनोळखी वाटेल. बायर्न म्युनिक सोडल्यास पुरुष फुटबॉलमधले बडे नाव जवळजवळ नाही. उत्तरेत झीगेन, ग्र्युन-वाइस ब्राउवायलर, नऊ वेळचा विजेता बेर्गिश ग्लाडबाख, केबीसी ड्यूसबुर्ग, हॅम्बुर्गचा लोर्बेअर रोटेनबुर्ग्सऑर्ट. दक्षिणेत एफएसव्ही फ्रँकफुर्ट, त्याच शहरातला एसजी प्राउनहाइम, झिंडेलफिंगेन, द्राक्षमळ्यांच्या टापूतले नीडरकिर्खेन आणि ओडेनवाल्डमधला क्लिंगे झेकाख, जिथून राष्ट्रीय संघाची खेळाडू सिल्व्हिया नाईड पुढे आली. नाईड या हंगामात झीगेनकडून खेळत होती. प्रत्येक गटात अठरा फेऱ्या झाल्या आणि गटातले पहिले दोन संघ उपांत्य फेरीत गेले. झीगेन आणि फ्रँकफुर्ट यांत अंतर जेमतेम शंभर किलोमीटरचे, पण गटांची सीमा मधून गेल्यामुळे झीगेनला साखळीत हॅम्बुर्ग गाठावे लागे आणि फ्रँकफुर्टशी गाठ थेट अखेरीस पडे. अंतिम सामन्यात झीगेनने एफएसव्ही फ्रँकफुर्टला ४–२ असे हरवले. आदल्या वर्षीच्या, म्हणजे जुन्या पद्धतीच्या अंतिम सामन्यातही हेच दोन संघ होते आणि निकालही झीगेनच्याच बाजूचा. महासंघ चषकाच्या अंतिम सामन्यात मात्र ब्राउवायलरने झीगेनला १–० ने रोखले आणि दुहेरी यश हुकले.

मोरच्या ३६ गोलांचे मोल नीट तोलायला हवे. इन्का ग्रिंग्सने १९९९–२००० मध्ये ३८ गोल केले. ते बावीस फेऱ्यांत. मोरचे अठरा फेऱ्यांच्या लीगमधले, शिवाय संघांमधली दरी तेव्हा फारच मोठी. दुबळ्या बचावफळ्यांचा फायदा तिला झाला, हा आक्षेप रास्त आहे. पण त्याच वर्षी चीनमध्ये झालेल्या पहिल्या विश्वचषकात, ऐंशी मिनिटांच्या सामन्यांत, तिने सात गोल केले, तेव्हा तो फार ताणता येत नाही. १९९५ पर्यंत सलग पाच हंगाम ती लीगमध्ये सर्वाधिक गोल करणारी ठरली.

झीगेनने १९९२, १९९४ आणि १९९६ मध्ये पुन्हा अजिंक्यपद मिळवले. १९९६ मध्येच हा संघ श्पोर्टफ्रॉइंडे झीगेनमध्ये गेला. एफएसव्ही फ्रँकफुर्टचा महिला विभाग २००६ मध्ये बंद पडला. प्राउनहाइमच्या महिला संघाचे १९९९ मध्ये १. एफएफसी फ्रँकफुर्ट झाले आणि २०२० मध्ये तो आइनट्राख्ट फ्रँकफुर्टमध्ये विलीन झाला.