मोटारीच्या रंगावरील गोल ओरखडे

मोटार धुताना, पुसताना वा पॉलिश करताना रंगाच्या सर्वांत वरच्या पारदर्शक थरावर उठणारे अतिसूक्ष्म ओरखडे. उन्हात किंवा एकट्या दिव्याखाली ते प्रकाशबिंदूभोवती एकात एक वर्तुळे काढल्यासारखे दिसतात. गॅरेजमध्ये त्यांना ‘स्वर्ल मार्क’ म्हणतात. काळ्या व गडद गाड्यांवर ते ठळक उठतात. पांढऱ्या व रुपेरी गाड्यांवरही असतात, पण सहसा नजरेत येत नाहीत.

रंगाची घडण : १९२०च्या दशकात मोटारींसाठी नायट्रोसेल्युलोज लॅकर आले, तेव्हा रंग आणि चकाकी एकाच लेपात असे. पॉलिश करताना फडक्याला रंग लागे व मालकाला आपण किती घासतो आहोत ते कळे. रंगावर वेगळा पारदर्शक ‘क्लिअर कोट’ देण्याची पद्धत साधारणपणे १९८०च्या दशकापासून रूढ झाली. आजच्या बहुतेक गाड्यांवर प्रायमर, रंग व क्लिअर कोट मिळून जाडी सुमारे १००–१५० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) भरते. त्यात क्लिअर कोटचा वाटा बहुधा ३५–५० मायक्रॉन. रंगाला उन्हातील अतिनील किरणांपासून वाचवणारा थर हाच. तो झिजताना फडक्याला काही लागत नाही, त्यामुळे दर वर्षी ‘रबिंग’ (घासणाऱ्या पॉलिशने रंग उजळणे) करून घेण्याची जुनी सवय आजच्या गाडीला महागात पडते.

वर्तुळे का दिसतात : याविषयी दोन मते आढळतात. हात गोल फिरवल्यामुळे ओरखडेही गोल उठतात, हे मत कारागिरांत सर्वदूर आहे. प्रकाशशास्त्राच्या अंगाने पाहिल्यास दुसरे मत अधिक पटते. ओरखडे सर्व दिशांना विखुरलेले असतात. प्रत्येक ओरखड्याची खाच प्रकाश मुख्यतः आपल्या लांबीशी काटकोनात परावर्तित करते. म्हणून दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती ज्या ओरखड्यांची दिशा वर्तुळाच्या स्पर्शरेषेशी जुळते, तेवढेच चमकतात. बाकीचे तिथेच असूनही दिसत नाहीत. डोके हलवले की वर्तुळेही सरकतात, हा त्याचा सोपा पडताळा. ओरखडे खरोखर गोल असते, तर ती जागची हलली नसती. वापरातल्या स्टीलच्या ताटावर बल्बभोवती दिसणारी वलये याच जातीची. सरळ रेषेत पुसण्याचा सल्ला मात्र पहिले मत नाकारूनही टिकतो : एकाच दिशेचे ओरखडे मोजक्याच कोनांतून दिसतात. एकाच अक्षाभोवती फिरणाऱ्या रोटरी बफिंग मशीनने (पॉलिशच्या यंत्राने) उठणारे लांब, धुरकट पट्टे (‘होलोग्राम’) हा वेगळा प्रकार. तेथे ओरखड्यांना खरोखरच यंत्राच्या फिरण्याची दिशा असते.

गोव्यातील धूळ : क्लिअर कोटवर ओरखडा उठतो तो फडक्यात अडकलेल्या कणामुळे. जांभ्यापासून झालेल्या तांबड्या मातीत केओलिनाइट हे मऊ खनिज असते (खनिजांचा कठीणपणा १ ते १० मध्ये मोजणाऱ्या मोस मापावर २–२·५). तिच्यातील गोएथाइट व हेमॅटाइट ही लोहखनिजे ५ ते ६ पर्यंत जातात, तर क्वॉर्ट्झचे कण ७ पर्यंत. किनाऱ्यावरील वाळूत क्वॉर्ट्झ विपुल असते, त्यामुळे कळंगुट किंवा कोलव्याला उभ्या केलेल्या गाडीवरची विरळ, फिकट धूळ डोळ्यांत भरत नसली तरी धोक्याची. डिचोली, सांगे, धारबांदोडा या खाणपट्ट्यातील धुळीत लोहखनिजाचा अंश जास्त. समुद्री वाऱ्याबरोबर येणारे मीठ तुलनेने मऊ असून पाण्यात विरघळते. ते घासण्याची गरजच नसते, भरपूर पाणी ओतावे.

पावसाळ्यात ढगाळ, पसरट उजेडामुळे ओरखडे लपतात. चतुर्थीनंतर ऊन पडले की ते एकदम दिसू लागतात आणि दोष नुकत्याच लावलेल्या वॅक्सवर येतो. वस्तुतः ते पावसाळाभर चिखल कोरड्या-ओल्या फडक्याने पुसल्याचे असतात.

टाळण्याची रीत : कोरडी धूळ फडक्याने वा पिसांच्या झाडणीने झटकू नये, हा पहिला नियम, तो पाळला तर निम्मे काम होते. आधी नुसत्या पाण्याने धूळ सुटू द्यावी. मग दोन बादल्या घ्याव्यात : एकीत कार शॅम्पू, दुसरीत साधे पाणी. धुण्याचा हातमोजा प्रत्येक भागानंतर साध्या पाण्यात खळबळून मगच शॅम्पूत बुडवावा. छतापासून खाली यावे. चाके व दारांचा खालचा भाग शेवटी, वेगळ्या कापडाने. जमिनीवर पडलेले कापड कितीही झटकले तरी त्या दिवशी रंगाला लावू नये. सुकवताना मायक्रोफायबर टॉवेल अंथरून टिपावे, ओढू नये. हे टॉवेल फॅब्रिक सॉफ्टनरशिवाय धुवावेत, नाहीतर पाणी टिपण्याची त्यांची ताकद कमी होते.

वॅक्स सावलीत, थंड पत्र्यावर अगदी पातळ लावावे. गोव्याच्या दमट हवेत ते सुकायला वेळ घेते. कडेला बोट फिरवून पाहावे. पुसट डाग राहिला तर थांबावे, स्वच्छ चकाकी दिसली तरच पुसावे. ओले वॅक्स चिकटते, मग जोर लागतो, आणि जोराने ओरखडे. ब्राझीलमधील ताडाच्या जातीच्या झाडापासून मिळणारे कार्नोबा वॅक्स स्वतः ओरखडे काढत नाही, घालवतही नाही. काही दिवस भरून लपवते. ‘क्लीनर वॅक्स’मध्ये मात्र घासणारे कण असतात.

ओरखडे खरोखर काढायचे तर क्लिअर कोट त्यांच्या तळापर्यंत घासून समतल करावा लागतो. यासाठी फिरता फिरता थरथरणारे ड्युअल अ‍ॅक्शन यंत्र रोटरीपेक्षा सुरक्षित. सर्वांत सौम्य पॉलिश व मऊ फोम पॅडने आधी वीतभर जागेवर चाचणी घ्यावी. नंतर ती जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या पातळ द्रावणाने पुसून टॉर्चखाली पाहावी, म्हणजे ओरखडे गेले की पॉलिशमधील तेलाने नुसते झाकले गेले ते कळते.

दसऱ्याला बॉनेटवर बांधलेली झेंडूची माळ वाऱ्याने हलत राहिली की तिचा दोरा व त्यावर बसलेली धूळ रंगावर घासते. पूजेनंतर गाडी चालवण्यापूर्वी ती काढून ठेवणे बरे. सिरॅमिक कोटिंगने (क्लिअर कोटवर देतात त्या कडक संरक्षक लेपाने) धूळ लवकर सुटते, पण कोरड्या फडक्याचे ओरखडे त्यावरही उठतात.