चित्र फळीवर लावल्यावर काय बोलायचं आणि ते कसं ऐकायचं

नमस्कार मंडळी. तुम्ही आमच्याकडून पॅड घेतलंत, कोळशाच्या कांड्या घेतल्यात किंवा नुसती एक ६बी पेन्सिल घेऊन जाता जाता रविवारच्या बैठकीचं विचारलंत, म्हणून हा कागद तुमच्या पिशवीत टाकलाय. कोल्हापुरातलं आमचं चित्रसामानाचं दुकान छोटं आहे, पण वरचा माळा रिकामा होता, तिथं आम्ही रविवारी सकाळी मॉडेल बसवून फिगर ड्रॉइंग करतो, म्हणजे समोरच्या माणसाकडे बघून त्याचं चित्र काढतो. येणारे सगळे हौशी. बँकेत काम करणारे, शाळेतल्या एक बाई, शाहूपुरी कुंभार गल्लीतला एक मूर्तिकार, इंजिनिअरिंगची पोरं, एक रिटायर्ड तलाठी काका. शिकवणारं कोणी नाही. आधी एक-एक मिनिटाच्या दहा पोझ, मग पाच मिनिटांच्या दोनतीन, मग वीस मिनिटांची एक, आणि शेवटी सगळ्यांची चित्रं फळीवर चिमट्याने लावून त्यावर बोलायचं.

चित्र काढताना कुणाचं काही बिघडत नाही, बोलताना बिघडतं. सुरुवातीच्या काही महिन्यांत आमची दोन माणसं गळाली. एकाला दर रविवारी "मस्त", "भारी", "एक नंबर" एवढंच ऐकायला मिळायचं, तो म्हणाला हे ऐकायला मी पेट्रोल जाळून कशाला येऊ. दुसरीला कोणीतरी सगळ्यांसमोर "पाय लाकडी वाटतोय गं" म्हटलं आणि पुढचं काहीच सांगितलं नाही, ती घरी जाऊन रडली म्हणे आणि परत आली नाही. चूक आमचीच होती, कारण बोलायचं कसं हे आम्ही कुणाला सांगितलंच नव्हतं. म्हणून हा कागद.

बोट कुठं ठेवायचं?

आमची कसोटी साधी आहे. तुमचं बोलणं ऐकून चित्र काढणाऱ्याला कागदावर एका जागी बोट ठेवता आलं पाहिजे. "मस्त" ऐकून बोट कुठं ठेवणार, आणि "काहीतरी गंडलंय" ऐकून तरी कुठं ठेवणार? दोन्ही सारखीच बिनकामाची, एक गोड आहे आणि दुसरं कडू एवढाच फरक.

तो लाकडी पायच घ्या. पाय लाकडी का वाटत होता? कारण गुडघ्यापासून घोट्यापर्यंतच्या दोन्ही कडा एकमेकींना समांतर होत्या, पाइप असतो तशा. खऱ्या पायात पोटरीचा बाहेरचा फुगवटा थोडा वर असतो आणि आतला थोडा खाली, घोट्याचं मात्र बरोबर उलटं, आतला घोटा वर आणि बाहेरचा खाली (स्वतःच्या पायाला हात लावून बघा, आम्ही पण तसंच बघितलं). म्हणजे सांगायला हवं होतं ते एवढंच की "पोटरीच्या दोन्ही कडा एकाच उंचीवर फुगल्यात, मामांच्या पायाकडे बघ, बाहेरची वर आहे" (मामा म्हणजे आमचे मॉडेल). हे ऐकून कोणी रडत नाही, पुढच्या पोझला पोटरीकडे बघतं.

दुसरं नेहमीचं वाक्य, "माणूस पडतोय असं वाटतंय". बरोबर असतं बऱ्याचदा, पण का पडतोय ते सांगा. गवंडी वापरतो तो ओळंबा आठवा. गळ्याच्या खळगीतून मनातल्या मनात ओळंबा खाली सोडायचा. माणूस एका पायावर भार देऊन उभा असेल तर तो ओळंबा त्या पायाच्या घोट्याच्या आसपास यायला हवा, आणि दोन्ही पायांवर सारखा भार असेल तर दोन पायांच्या मधे. आपल्याला हे नवीन नाही हो, पंढरपूरचा विठोबा समचरण, म्हणजे दोन्ही पायांवर सारखा उभा असतो आणि मुरलीधर त्रिभंगात, म्हणजे तीन ठिकाणी वाकून एका पायावर भार देऊन असतो, फरक नेमका हाच आहे. भाराच्या पायाकडचा कमरेचा भाग वर चढतो आणि बहुतेक वेळा त्याच बाजूचा खांदा खाली उतरतो. नवीन माणूस कमर आणि खांदे दोन्ही पट्टीने आखल्यासारखे आडवे काढतो, मग पाय कितीही छान काढला तरी माणूस पडतोच.

कौतुकाला पण हेच लागू. "छान" म्हणू नका असं नाही, पण काय छान ते सांगा. "पाठीची रेघ एका दमात आलीये, खोडलेली नाहीये" असं म्हटलं की पुढच्या वेळी तो माणूस ती रेघ मुद्दाम तशी काढायला बघतो. चांगलं काय झालं हे बऱ्याच जणांना स्वतःला कळतच नाही, चुका मात्र तोंडपाठ असतात.

आधी मोठं, मग बारीक

एकदा एका चित्रातल्या पापण्यांवर आमची दहा मिनिटं चर्चा झाली आणि नंतर कोणाच्या तरी लक्षात आलं की डोकंच दीडपट झालंय. तेव्हापासून क्रम ठरवलाय: पोझचा एकूण झोक, मग तोल, मग प्रमाण, मग गोलाई, मग शेडिंग, आणि पापण्या, नखं, दागिने वेळ उरला तर. एका चित्राला एका माणसाने दोनच गोष्टी सांगायच्या. सात सांगितल्या की ऐकणारा एकही घरी नेत नाही.

प्रमाणाच्या ठरलेल्या चुका आहेत. डोकं मोठं होतं आणि हातपाय बारके, कारण आपलं सगळं लक्ष चेहऱ्यावर. डोळे डोक्याच्या वरच्या भागात जातात, खरं तर ते डोक्याच्या उंचीच्या साधारण निम्म्यावर असतात, केसांचा भाग आपण हिशोबात धरत नाही. पंजा हनुवटीपासून कपाळापर्यंत पोचायला हवा, हौशी चित्रात तो गालापर्यंतच येतो. पाऊल कोपरापासून मनगटापर्यंतच्या हाताएवढं असतं हे सांगितलं तर लोकांचा विश्वास बसत नाही. ज्यांनी शाळेत चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षा दिल्या त्यांना स्मरणचित्रातला तो ठरलेला बाजारातला माणूस आठवत असेल, घागर घेतलेली बाई आठवत असेल, ग्रेड मिळाली ती मिळाली पण तो माणूस बोटांत इतका मुरलेला असतो की समोर खरा माणूस बसला तरी कागदावर तोच येतो.

डोक्याची उंची हे माप धरलं तर मोठा माणूस साधारण साडेसात डोकी उंच, आदर्श फिगर आठ डोकी, वर्षाचं पोर चार डोकी, हा हिशोब आहेच. आमचा मूर्तिकार मित्र डोक्यात मोजत नाही, तो तालात मोजतो, म्हणजे केसांच्या कडेपासून हनुवटीपर्यंतचा चेहरा हा एक ताल. देवाची मूर्ती नवतालात, गणपती पंचतालात. त्याची नजर एवढी तयार आहे की लांबूनच सांगतो कंबर दोन बोटं खाली गेलीये. पण अशा ठरलेल्या मापांचीच एका रविवारी गंमत झाली.

मामांचा कान

आमचे मॉडेल मामा पूर्वीचे पैलवान. तालमीत आयुष्य गेलेलं. मान डोक्याएवढी रुंद, आणि दोन्ही कान लाल मातीत घासून घासून मोडलेले, पैलवानांचे असतात तसे गाठ झालेले. एका पोराने मान आणि कान हुबेहूब काढले. फळीवर चित्र लागल्याबरोबर तिघंजण सुरू, मान फार जाड झालीये, आणि हा कान आहे का बटाटावडा? पोरगं बिचारं मान खाली घालून गप्प. मामा कोपऱ्यात चहा पित बसले होते, ते उठून फळीजवळ आले, चित्राशेजारी कान नेऊन उभे राहिले. कोण काय बोलणार!

तिघांनीही मामांकडे न बघता डोक्यातल्या पाठ माणसाकडे बघून सांगितलं होतं. फॉर्म्युला शंका काढायला वापरा, निकाल द्यायला समोरचा माणूस आहे. आणि अजून एक, ज्याच्या चित्रावर बोलायचंय त्याच्या जागी जाऊन एकदा बसा. मामा पाय तुमच्याकडे पसरून बसले असतील तर तुम्हाला मांडी वीतभरच दिसणार आणि तळवा मोठा, बाजूला बसलेल्याला पूर्ण मांडी दिसणार. बाजूच्याने येऊन "मांडी आखूड आहे" म्हणायचं, हे काही खरं नाही. वीस मिनिटांच्या पोझमधे मधली विश्रांती झाली की मामा खडूच्या खुणांवर परत तसेच बसतात, तेव्हा जागा बदलून बघून घ्या.

मामांबद्दल बोलायचं नाही

चर्चा कागदावरच्या रेघांची, मॉडेलच्या शरीराची नाही. "पोट सुटलंय" हे मामांबद्दल झालं, "पोटाची डावी कड कमरेच्या दोरीवर येऊन थांबते, तू ती खाली ओढलीस" हे चित्राबद्दल झालं. नऊवारीत बसणाऱ्या मावशी येतात तेव्हा तर हे जास्तच सांभाळायचं. मॉडेलचा फोटो काढायचा नाही, अगदी "घरी जाऊन पूर्ण करतो" म्हणून पण नाही. मुंबईचं जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ चं, पण नग्न मॉडेलवरून काढायचा लाइफ क्लास तिथं सुरू झाला १९२० च्या सुमारास, ग्लॅडस्टन सॉलोमन तिथले प्रमुख म्हणून आल्यावर. माणूस समोर बसायला तयार होणं ही गोष्ट साधी कधीच नव्हती. आमच्याकडे मॉडेल कपड्यांत किंवा लंगोटात असतात, तरी तासभर अनोळखी दहा जणांच्या नजरेसमोर हलायचं नाही हे एकदा स्वतः करून बघा.

दुसऱ्याच्या कागदावर पेन्सिल नको

"दे इकडं, दाखवतो" म्हणून दुसऱ्याच्या चित्रात हात घालणारे प्रत्येक बैठकीत एकदोन असतातच आणि मनाने चांगले असतात, पण ते चित्र मग त्याचं राहत नाही. दाखवायचंच असेल तर विचारा, हो म्हटलं तर चित्रावर बटरपेपर टाकून त्यावर काढा. माळ्यावर बटरपेपरचा रोल ठेवलाय, त्याचे पैसे नाहीत.

वयाचा प्रश्न खरा आहे. वीस वर्षांच्या पोराला तलाठी काकांना चूक सांगायला जीभ रेटत नाही, आणि काकांना वाटतं पोरं आपल्याला मोजत नाहीत म्हणून गप्प बसतात. आमच्यातल्या एकाने छान मार्ग काढला. तो म्हणाला, "काका, तुमचा ओळंबा कुठं पडतोय बघूया काय?" काकांनीच पेन्सिल धरली, एक डोळा मिटला आणि स्वतःच म्हणाले, "अरे, हा तर गटारात चाललाय!" मापायला दोघांनी मिळून सुरुवात केली की लहानमोठं आपोआप बाजूला राहतं.

तुमची पाळी आल्यावर

पहिली दोन मिनिटं गप्प. खरंच अवघड आहे, आम्हाला अजून जमत नाही. "वेळ कमी पडला", "पेन्सिल टोकदार नव्हती", "मला माहितीये ते" यातलं काहीही बोललात की समोरचा थांबतो, आणि जे तुम्हाला हवं होतं तेच अडतं. ऐकलेलं चित्राच्या मागे लिहा, तारीख घाला. बोलणाऱ्याला उलट विचारायचंच असेल तर "कुठं?" विचारा. आणि चित्र लावतानाच सांगितलंत की "मी आज फक्त तोल बघत होतो, चेहरे सोडून द्या", तर निम्मं काम तिथंच होतं.

लोक जागा बरोबर दाखवतात, कारण चुकीचं सांगतात, हे बऱ्याचदा होतं. तिघांनी सांगितलं हात लांब झालेत. मोजलं तर हात ठीक होते, धड आखूड झालं होतं. तिघांनी वेगवेगळं सांगितलं तरी बोटं एकाच जागी येत असतील तर तिथं काहीतरी आहे, काय ते तुम्हीच पेन्सिल धरून, हात ताठ करून, एक डोळा मिटून मोजा.

"ही माझी स्टाइल आहे" याबद्दल भांडणं झालीत म्हणून सांगतो. असू शकते. पण लांब मान हवी म्हणून काढलीत आणि नको तेव्हा आखूड पण काढता येते, तर स्टाइल. दर वेळी आपोआपच लांब होत असेल तर ती सवय आहे, आणि सवयीवर बोललेलं ऐकावं.

बैठकीला यायला जमत नाही त्यांनी चित्र आरशात बघावं. लिओनार्दो दा विंचीने चित्रकारांना हाच सल्ला लिहून ठेवलाय, उलटं दिसलं की आपलं चित्र दुसऱ्या कुणाचं वाटतं आणि चूक पटकन डोळ्यात खुपते. मोबाइलमधे फोटो काढून फ्लिप केलात तरी तेच. फोटो लांबून आणि समोरून काढा, जवळून काढलात तर कडेचं सगळं ताणलं जातं आणि तुम्ही नसलेली चूक शोधत बसाल. आणि ते जुनं चित्र खोडून दुरुस्त करत बसू नका, रबर मारून कागदाचा लगदा होतो. नवीन कागद घ्या (हो, आम्ही कागद विकतो, पण खरंच सांगतोय), सरावाला साधा न्यूजप्रिंट (वर्तमानपत्राचा कोरा कागद) चालतो, भारी कार्ट्रिज पेपर (जाड चित्रकलेचा कागद) लांब पोझसाठी ठेवा.

लहान मुलांना घेऊन येत असाल तर या कागदातलं काहीच त्यांना लावू नका. "हे कोण आहे?" एवढंच विचारा, ती सांगत सुटतात.

येताना ए३ पॅड किंवा बोर्ड, दोन चिमटे, २बी आणि ६बी, कोळसा वापरत असाल तर पुट्टी रबर (मऊ, मळता येणारं खोडरबर) आणि हात पुसायला जुनं फडकं. नऊला दार बंद होतं, पोझ सुरू असताना जिन्यावर पाय वाजवत येऊ नका. साडेदहाला चहा, तेव्हाच चित्रं फळीवर लागतात. मामांचा चहा बिनसाखरेचा, तो कप उचलू नका.