१९९३ (विज्ञानकथा)

विज्ञानकथेच्या इतिहासात १९९३ हे साल मुख्यतः ‘ज्युरासिक पार्क’ या चित्रपटाचे मानले जाते. त्याच वर्षी ‘द एक्स-फाइल्स’ ही दूरचित्रवाणी मालिका सुरू झाली, ऑक्टेव्हिया बटलर यांची ‘पॅरबल ऑफ द सोअर’ ही कादंबरी निघाली, आणि भारतीय विज्ञानकथांचा एक महत्त्वाचा संग्रह इंग्रजीत आला. मराठवाड्यात मात्र ‘त्र्याण्णव साल’ म्हटले की आठवतो तो किल्लारीचा भूकंप. त्यामुळे या वर्षातल्या कथाकल्पना इथे वाचताना-बघताना त्यांचा अर्थ जरा वेगळा लागतो.

‘ज्युरासिक पार्क’ अमेरिकेत ११ जून १९९३ रोजी प्रदर्शित झाला. मायकेल क्रायटन यांच्या १९९० च्या कादंबरीवर स्टीव्हन स्पीलबर्ग यांनी तो केला. दोन तासांहून मोठ्या या चित्रपटात डायनोसॉर पडद्यावर दिसतात ते जेमतेम पंधरा मिनिटे, आणि त्यांतही संगणकावर घडवलेली दृश्ये निम्म्याहून कमी. बाकीचे काम यांत्रिक पुतळ्यांनी केले. त्याला तीन ऑस्कर मिळाले. भारतात तो एप्रिल १९९४ मध्ये हिंदी आवाज घेऊन आला आणि हॉलिवुडचे चित्रपट हिंदीत बोलू लागण्याची वाट इथून रुंदावली. मराठवाडा विद्यापीठाच्या नामविस्ताराला तेव्हा तीनच महिने झाले होते.

चित्रपटाचे नाव ज्युरासिक असले तरी त्यातला टी. रेक्स हा महाकाय मांसाहारी डायनोसॉर त्या कालखंडातला नाही. तो ज्युरासिकनंतरच्या क्रिटेशस काळाच्या अगदी अखेरचा, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीपर्यंत उत्तर अमेरिकेत हिंडणारा प्राणी. दख्खनच्या पठारावर लाव्हारसाचे थरावर थर पसरले तेही याच सुमारास. म्हणजे टी. रेक्सची अखेरची पिढी तिकडे शिकार करत होती, तेव्हा इकडे मराठवाड्याची जमीन ओतली जात होती. वेरूळचे कैलास लेणे कोरले ते याच काळ्या पाषाणात, आणि कापूस-तूर पिकवणारी काळी माती ही त्याचीच झीज. डायनोसॉरांचा शेवट अशनीच्या आघाताने झाला की त्यात या ज्वालामुखींचाही हात होता, हा वाद शास्त्रज्ञांत दीर्घकाळ चालला आहे. आपल्या बांधावरचा दगड त्या वादात साक्षीदार आहे, हे शाळेत कोणी सांगितले असते तर भूगोलाचा तास इतका कंटाळवाणा गेला नसता.

या पाषाणाखालचा भूभाग स्थिर समजला जाई. लातूर-उस्मानाबादचा (आताचा धाराशिव) परिसर भूकंपाच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. किल्लारीला १९९२ पासून हादरे बसत होते तरीही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, गणपती विसर्जन करून गावे झोपली असताना, ६.२ क्षमतेचा भूकंप झाला आणि सुमारे दहा हजार माणसे गेली. बहुतेकांचा जीव घेतला तो माळवदाच्या घरांनी: मातीत रचलेल्या दगडी भिंती, वर लाकडी तुळयांवर फूट-दोन फूट जाडीचा मातीचा थर. उन्हाळ्यात गारवा देणारे छप्परच अंगावर आले. पुढे किल्लारीत ६१७ मीटर खोल भोक पाडले, तेव्हा ३३८ मीटरवर काळा पाषाण संपून खाली जुना ग्रॅनाइटी खडक लागला. २००२ मध्ये नकाशा बदलला आणि हा परिसर जास्त धोक्याच्या, तिसऱ्या पट्ट्यात आला.

‘ज्युरासिक पार्क’मधले सर्वांत गाजलेले दृश्य डायनोसॉरचे नाहीच. गाडीत ठेवलेल्या पेल्यातल्या पाण्यावर वर्तुळे उमटतात, एवढेच ते आहे. ती वर्तुळे पेल्याखाली गिटारची तार छेडून काढली होती. किल्लारी पट्ट्यातला प्रेक्षक त्या पेल्याकडे नुसती करमणूक म्हणून बघू शकला असेल, असे वाटत नाही.

दूरचित्रवाणीवर जानेवारीत ‘स्टार ट्रेक : डीप स्पेस नाइन’ सुरू झाली, फेब्रुवारीत ‘बॅबिलॉन ५’चा आरंभीचा चित्रपट दाखवला गेला, आणि १० सप्टेंबरला ‘द एक्स-फाइल्स’ आली. ज्या गावांत गच्चीवरची छत्री (डिश अँटेना) आणि केबल पोचायची होती, तिथे या नावांचा काही उपयोग नव्हता.

पुस्तकांत विज्ञानकथेसाठीचा ह्यूगो पुरस्कार व्हर्नर विंज आणि कॉनी विलिस यांना विभागून मिळाला. आपल्याकडे बाळ फोंडके यांनी संपादित केलेला ‘इट हॅपन्ड टुमॉरो’ हा संग्रह नॅशनल बुक ट्रस्टने काढला. त्यात जयंत नारळीकर, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर अशी मराठी मंडळी ठळक आहेत. ही पिढी आकाशातून पडलेली नाही. मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धा आणि दिवाळी अंक यांनी ती घडवली. नारळीकरांनी १९७४ साली त्या स्पर्धेला ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने कथा पाठवली होती. आद्याक्षरे उलटी करून. १९९३ मध्येच त्यांनी फ्रेड हॉइल आणि जेफ्री बर्बिज या खगोलशास्त्रज्ञांसह विश्वाच्या महास्फोट सिद्धांताला पर्याय मांडला. हॉइलही विज्ञानकथाकारच.

या वर्षातले मराठवाड्याला सर्वांत लागू पुस्तक म्हणजे बटलर यांचे. त्यात ना परग्रहवासी, ना यंत्रमानव. कॅलिफोर्नियात पाऊस वर्षानुवर्षे पडत नाही, पाणी पेट्रोलहून महाग झाले आहे, भिंतीआडची वस्ती कशीबशी तग धरून आहे. कादंबरी सुरू होते २० जुलै २०२४ या तारखेला. तिच्या आठ वर्षे आधीच, १२ एप्रिल २०१६ रोजी पहाटे, मिरजेहून निघालेली ‘जलदूत’ रेल्वे लातूर स्थानकात शिरली: दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी.