चाक धरून ठेवणारा केसभर ताण

नाशिकच्या आडगाव नाक्याजवळ ट्रकच्या रांगेतलं पंक्चरचं दुकान. आमच्या कॅराव्हॅनचं, म्हणजे कारमागे जोडून ओढायच्या फिरत्या घराचं, डावं चाक बदलून झालं, तसा तिथल्या मुलाने व्हील पान्यावर तीन फुटी पाइप चढवला, टोकावर दोन्ही पाय देऊन उभा राहिला आणि अंग झोकून दिलं. "काका, आता आयुष्यात सुटायचं नाही," म्हणाला. त्याच्या मेहनतीत खोट नव्हती. पण रात्री मी हिशेब मांडला आणि दुसऱ्या दिवशी त्या चाकाचे सगळे बोल्ट बदलून घेतले.

हिशेब सोपा आहे. जोर गुणिले पान्याची लांबी म्हणजे पीळ, इंग्रजीतला टॉर्क. ६० किलोचा माणूस ९० सेंटिमीटरवर उभा राहिला की पीळ होतो ५०० न्यूटन-मीटरच्या वर. अशा चाकाला लागतो साधारण १००. नेमका आकडा कंपनीच्या पुस्तिकेत असतो आणि तोच मानायचा. १०० न्यूटन-मीटर म्हणजे किती? अर्धा मीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला पिंपळगावच्या बाजारातला टोमॅटोचा २० किलोचा क्रेट टांगला, तर तेवढा.

बोल्ट घट्ट करणं म्हणजे तो आत रुतवणं, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात आपण त्याला ताणत असतो. पोलादाचा बोल्ट ही एक अतिशय कडक स्प्रिंग आहे. बोल्टचं डोकं चाकावर टेकलं, की पुढच्या प्रत्येक पिळागणिक दांडा लांब होतो आणि परत आखडायच्या धडपडीत चाकाला हबवर, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या फिरत्या भागावर, दाबून धरतो. १२ मिलिमीटरच्या बोल्टला १०० न्यूटन-मीटर पीळ दिला, की हा दाब जवळपास ४ टन होतो. एका बोल्टचा ४, पाचांचा २० टन. एवढ्या दाबाखाली चाक आणि हब यांच्यात जे घर्षण तयार होतं, तेच गाडीचा भार पेलतं. बोल्ट खुंटीसारखा भार झेलत नाही. तो सैल झाला की मात्र झेलायला लागतो, प्रत्येक फेऱ्याला थोडा वाकतो, आणि तार पुन्हा पुन्हा वाकवून तुटते तसा तुटतो.

आता मला यातली सर्वांत विलक्षण वाटणारी गोष्ट. हा ४ टनांचा दाब देताना बोल्टचा ताणला जाणारा भाग लांब होतो फक्त ०.०७ मिलिमीटरच्या आसपास. आपल्या डोक्याच्या केसाची जाडी साधारण तेवढीच. चाक आणि हब यांच्यामध्ये रंगाचा थर, गंज किंवा वाळूचा कण राहिला आणि प्रवासात तो ०.०२ मिलिमीटर दबला, तर पाव-एक ताण गेलाच. म्हणून चाक चढवण्याआधी दोन्ही पृष्ठभाग तारेच्या ब्रशने घासून कोरडे करायचे.

आट्यांना तेल लावायचा मोहही टाळा. आपल्या पिळातला सुमारे ९० टक्के भाग घर्षणातच खर्च होतो. दांडा ताणायला उरतो जेमतेम १० टक्के. तेलाने घर्षण घटलं की तेवढ्याच पिळात ताण दीडपट होऊ शकतो. टॉर्क पाना, म्हणजे ठरवलेला पीळ झाला की आवाज करणारा पाना, 'टक्' म्हणतो, आपण निर्धास्त होतो, आणि बोल्ट मात्र मर्यादेबाहेर ताणलेला असतो.

चाक बदलताना कॅराव्हॅन कारला जोडलेलीच ठेवा. दोन्हींचे हँडब्रेक ओढा, कॅराव्हॅनच्या दुसऱ्या बाजूच्या चाकाला पुढून-मागून ठोकळे लावा. बोल्ट चाक जमिनीवर असतानाच थोडे ढिले करा, मग जॅक. तो ॲक्सलच्या किंवा चेसिसच्या नेमून दिलेल्या जागीच लावायचा. कोपऱ्यांतले खाली सोडायचे पाय गाडी हलू नये म्हणून असतात, उचलायला नव्हेत. आपल्या काळ्या मातीत जॅक खाली रुततो, म्हणून एक जाड फळी कायम सोबत हवी. जॅकवरच्या गाडीखाली डोकं घालायचं नाही. नवं चाक लावल्यावर बोल्ट आधी हाताने फिरवा, मग समोरासमोरचे आळीपाळीने आवळा, म्हणजे चाक तिरपं बसत नाही. शेवटचा टॉर्क चाक जमिनीला टेकल्यावर.

कॅराव्हॅनचं टायर झिजून क्वचितच बाद होतं; ते म्हातारं होऊन बाद होतं. उभ्या गाडीत ऊन, ओझोन आणि ऑक्सिजन रबर कडक करत राहतात. टायरच्या कडेला चार आकडी शिक्का शोधा: २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा. नक्षी कितीही कोरी दिसो, पाच वर्षांनंतर बदलायच्या तयारीला लागा, सातच्या पुढे नकोच. हवा थंड टायरमध्येच मोजायची. निफाडच्या पहाटे १० अंशांना ४५ पीएसआय भरलेली हवा दुपारी ३० अंशांना उभ्या उभ्या चारेक पीएसआयने वाढते. ती सोडून देऊ नका. कमी हवेचं टायर प्रत्येक फेऱ्याला जास्त दुमडतं, तापतं आणि फुटतं.

पावसाळाभर गाडी उभी राहणार असेल तर हँडब्रेक सोडून चाकांना ठोकळे लावून ठेवा, नाहीतर दमट हवेत ब्रेक शू ड्रमला चिकटून बसतात. महिन्या-दोन महिन्यांनी चाक पाव फेरा फिरवा, म्हणजे एकाच जागी चपटं होणार नाही. आणि प्रवासात थांबाल तेव्हा दोन्ही हबजवळ हाताची मागची बाजू न्या. एक बाजू जास्त तापली असेल तर ब्रेक घासतोय किंवा बेअरिंगमधलं ग्रीस संपलंय.

कारचं चाक ढिलं झालं तर स्टिअरिंगमध्ये थरथर जाणवते. मागून येणाऱ्या कॅराव्हॅनचं काहीच कळत नाही. चाक निसटून पुढे पळाल्यावरच कळतं. म्हणून बदललेल्या चाकाचे बोल्ट साधारण ५० किलोमीटरनंतर पुन्हा टॉर्क पान्याने तपासायचे. नाशिकहून मुंबईकडे निघालात तर ही जागा आयती येते: इगतपुरी. तिथे चहाला थांबतोच आपण. हब निवला की पाना काढायचा, पाचही 'टक्' ऐकायचे, आणि मगच कसारा घाट उतरायला लागायचं.