टीबीच्या घरात ताट नको, खिडकी बघा

घरात कुणाला टीबी निघाला की पहिल्यांदा त्या माणसाचं ताट वेगळं होतं. मांडणीवर कोपऱ्यात स्टीलचा एक पेला पालथा ठेवलेला असतो, त्याला दुसरं कुणी हात लावत नाही. तो पेला पाहिला की जीव तुटतो, कारण टीबी उष्ट्यातून पसरत नाही. तो पसरतो हवेतून.

फुफ्फुसाचा टीबी असलेला माणूस खोकला की थुंकीचे कण उडतात. मोठे कण खाली पडतात. बारीक हवेतच सुकून मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाएवढे उरतात आणि कोंदट खोलीत तासन्‌तास तरंगतात. अमेरिकेत बाल्टिमोरला १९५०च्या दशकात डॉक्टर-संशोधक रिचर्ड रायली यांनी टीबीच्या वॉर्डातली हवा वर ठेवलेल्या गिनीपिगांपर्यंत नेली. रुग्णांशी त्यांचा कसलाही स्पर्श नव्हता, तरी त्यांना टीबी झाला. म्हणून खिडकी उघडी हवी आणि रुग्णाच्या तोंडावर रुमाल किंवा मास्क.

जंतू आत गेला तरी बहुतेकांच्या शरीरात तो निपचित पडून राहतो. शंभरातल्या पाच ते दहा जणांनाच पुढे आजार होतो. कुपोषण, मधुमेह किंवा एचआयव्ही असेल तर धोका वाढतो. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर थुंकी तपासून घ्यावी. सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषधं दोन्ही मोफत आहेत.

नेहमीच्या टीबीला पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन. एकाच औषधावर भागत नाही, कारण कोट्यवधी जंतूंमध्ये त्या औषधाला दाद न देणारे काही आधीपासूनच असतात. यातल्या रिफाम्पिसिन या औषधाने लघवी केशरी होते. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. खरी घसरण होते ती दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात. खोकला थांबतो, भूक लागते, वजन वाढतं आणि गोळ्या सुटतात. झपाट्याने वाढणारे जंतू तोवर मेलेले असतात, सुस्त जंतू मात्र शिल्लक असतात. आजार उलटतो तो त्यांच्यामुळे, आणि कधी कधी औषधांना न जुमानणारा होऊन. तशा टीबीला पूर्वी दीड-दोन वर्षं औषधं आणि रोजची इंजेक्शनं लागत. आता बेडाक्विलिन, प्रिटोमॅनिड यांसारख्या गोळ्यांमुळे अनेकांचा उपचार सहा महिन्यांत होतो.

औषध लागू पडलं की संसर्ग पसरवण्याची ताकदही झपाट्याने घटते. मद्रासमध्ये १९५० च्या दशकाच्या अखेरीस काही रुग्णांना सॅनिटोरियममध्ये, म्हणजे टीबीच्या खास रुग्णालयात ठेवलं, काहींना त्यांच्या दाटीवाटीच्या घरीच औषधं दिली. घरचे रुग्ण जवळजवळ तितकेच बरे झाले, आणि त्यांच्याबरोबर राहणाऱ्या घरच्यांमध्ये टीबीचं प्रमाण जास्त आढळलं नाही.