सेन्सर गप्प आहे की गेलाय?

रबाळे एमआयडीसीतल्या एका कंपनीत पाण्याच्या टाकीचा लेव्हल सेन्सर रात्रभर ६२ टक्के दाखवत होता आणि टाकी वरून वाहत होती. ऑपरेटरला दोष देऊ नका, स्क्रीनवर एकही अलार्म नव्हता.

बॅटरीवरचे वायरलेस सेन्सर सतत बोलत नाहीत. मागच्या वेळी पाठवलेल्या आकड्यापासून लेव्हल ठरावीक अंतरापलीकडे सरकली, तरच नवा आकडा पाठवतात. या अंतराला आपण डेडबँड म्हणतो. त्यामुळे बॅटरी टिकते, नेटवर्क मोकळं राहतं. म्हणजे गप्प बसणं हे इथे कामच आहे. पण बॅटरी संपलेला सेन्सरही असाच गप्प असतो, आणि गेटवेला, म्हणजे सेन्सरचे निरोप गोळा करणाऱ्या डब्याला, दोघांत काहीच फरक दिसत नाही.

जुन्या ४-२० मिलिअँपच्या लूपमध्ये, म्हणजे वायरमधल्या करंटवरून लेव्हल सांगणाऱ्या पद्धतीत, हा घोळ नव्हता. टाकी रिकामी असली तरी ४ मिलिअँप येणारच; ० आले की वायर तुटली. वायरलेसमध्ये ते काम हार्टबीट करतो : बदल असो वा नसो, दर १५ मिनिटांनी हजेरी.

पण हजेरीवरून कळतं ते इतकंच, की रेडिओ जिवंत आहे. रबाळ्यात हार्टबीट अगदी वेळेवर येत होता. शिडी लावून वर गेलो, तर अल्ट्रासॉनिक (आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून लेव्हल मोजणाऱ्या) सेन्सरच्या तोंडावर वाफेचे टपोरे थेंब. प्रतिध्वनी मिळत नव्हता आणि सेटिंग होतं ‘होल्ड’, म्हणजे प्रतिध्वनी हरवला तर शेवटचा आकडा धरून ठेव. फडक्याने पुसलं आणि आकडा ६२ वरून थेट १००.

असा बिघाड पकडायचा तर त्या गप्प बसण्याचा अर्थ लावावा लागतो. डेडबँड ५ सेंमी असेल, तर गप्प सेन्सर ठामपणे सांगत असतो, ‘लेव्हल मागच्या आकड्यापासून ५ सेंमीच्या आतच आहे.’ हे पंपाशी ताडून बघा. पंप चालू असताना टाकी मिनिटाला २ सेंमी भरत असेल, तर दर अडीच मिनिटांनी निरोप यायलाच हवा. एखादा निरोप नेटवर्कमध्ये हरवू शकतो. १० मिनिटांत चारपैकी एकही आला नाही, तर बिघाड नक्की. हिशोबाने यायला हवा तो आकडा आणि हाती असलेला आकडा, यांतल्या फरकाला रेसिड्युअल म्हणतात.

रेसिड्युअल किती झाला की अलार्म वाजवायचा, ती मर्यादा मात्र डेडबँडपेक्षा मोठी ठेवावी लागते. नाहीतर खोटे अलार्म वाजत राहतात आणि दोन पाळ्यांत कोणीतरी हॉर्नची वायर काढतो, हे मी पाहिलंय. शिवाय बारीक बिघाड डेडबँडमध्येच लपतात. तासाला १ सेंमी गळती असेल, तर पाच तास पत्ता लागत नाही.

त्या टाकीला आम्ही ‘होल्ड’ काढून फॉल्ट कोड लावला, म्हणजे प्रतिध्वनी हरवला तर जुन्या आकड्याऐवजी बिघाडाची खूण जाते. पंप चालू असताना डेडबँड २ सेंमी, बंद असताना ५. आणि पहाटे २ ते ४, पाण्याचा वापर नसतो तेव्हा, सेन्सर बदल नसला तरी दर अर्ध्या तासाला आकडा पाठवतो. गळती शोधायला तीच वेळ बरी.